गिअरबॉक्सला लागलेलं कुंकू

माझ्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायचं सोडून दिलं होतं. धाकटे दीर सिंगापूरहून आपली बिनक्लचची गाडी घेऊन आले, नि परत जाताना आमच्याकडे ठेवून गेले, तेव्हा मला जणू नवा पाय फुटला. नव्वदीच्या त्या वर्षांत बंगळुरात अशी गाडी म्हणजे नवलच हो! मी जयनगरला भाजीला निघाले की सिग्नलला लोक वाकून बघायचे. मीही मग उगाच मान ताठ करायचे.

तर एका खंडेनवमीला आमच्या ह्यांना भक्तीचं भरतं आलं. आयुधपूजेला गाडी धुवायची, चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा, हे सगळेच करतात. ह्यांनी बॉनेट उघडून आतल्या यंत्रांनाही पाइपने अंघोळ घातली आणि हात पोचेल तिथे हळदकुंकू लावलं. म्हणाले, "काम आतलेच करतात ना? मग मान त्यांचा."

दसऱ्याला सोनं द्यायला निघालो, तर समोर डॅशबोर्डवर दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. पुढे सरकायलाही कुरकुर.

मेकॅनिक अण्णा आले. "अक्का, आत तेलाचा दाब नाही असं गाडी सांगते. गिअरबॉक्स गेला असणार. सामान बाहेरून मागवावं लागेल."

"विकून टाकू," हे म्हणाले. "तुला रिक्षा आहेत की."

रिक्षात बसून मान कशी ताठ करायची?

"अण्णा, गाडी सांगते ते सोडा, स्वल्प, जरा मोजून तर बघा," मी म्हटलं.

अण्णांनी आधी पट्टी बुडवून तेल पाहिलं. पुरेसं होतं, लालचुटुक, जळका वास नाही. मग गिअरबॉक्सला दाब मोजायचं घड्याळ जोडलं आणि मी इंजिन सुरू केलं. काटा सरसर वर चढला, जिथे हवा तिथे थांबला.

"सरी, अक्का, बरोबर! दाब आहे. तो बघून खबर देणारा सेन्सरच खोटं बोलतोय."

"कालपर्यंत तर खरं बोलत होता," मी म्हटलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे आकाशाकडे पाहू लागले.

अण्णांनी सेन्सरचा प्लग उपसून माझ्यापुढे धरला. आत हळदकुंकवाचा ओला लगदा! अण्णा आधी गालात हसले, मग जमिनीवरच बसले. "साहेबांनी ह्याची ओटीच भरली हो!"

प्लग पुसला, वाळवला, गाडीने जुनी तक्रार विसरावी म्हणून बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला. मी गल्लीला एक चक्कर मारली. गिअर असे बदलत होते, जसं लोण्यातून बोट फिरावं.

परत येऊन मी हॉर्न वाजवला. "चला, बसा. सोनं द्यायचंय ना?"

हे बाजूच्या सीटवर बसले. हातात आपट्याची पानं आणि हळदकुंकवाची डबी.

"ती डबी घरात ठेवा आधी," मी म्हटलं, "मगच गाडी हलेल."