डाव्या गालावरचा तीळ

मी चित्रकलेचे वर्ग घेते आणि माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगते. फोटोवरून काढलेला चेहरा दिसला की माझं डोकं फिरतं. आरसा समोर ठेवा, दिसेल ते काढा, एवढाच माझा नियम. त्या नियमानं एका घरात काय केलं, ते मला फार उशिरा कळलं.

धाकटी माझ्याकडे आली तेव्हा तेराची होती. जुळ्यांतली धाकटी, अकरा मिनिटांनी. थोरली वर्षभरापूर्वी तापानं गेली होती, तरी हिचं धाकटीपण काही सुटलं नव्हतं. दोघी हुबेहूब, फरक एवढाच, की थोरलीचा तीळ उजव्या गालावर होता आणि हिचा डाव्या. आई शिवणकाम करायची. पोरगी अबोल, कामसू, पेन्सिलीला टोकसुद्धा मन लावून काढणारी. मला ती फार आवडायची, पण तसं तोंडावर कधी म्हटलं नाही.

कलाशाळेच्या प्रवेशासाठी तिचा पोर्टफोलिओ मी तेव्हाच ठरवून टाकला. वयात येण्यापासून मोठं होईपर्यंतचा स्वतःचा चेहरा, दर वाढदिवसाला एक, तेरा ते अठरा. चित्र झालं की ती घरी न्यायची. आई जपून ठेवते, म्हणायची.

अठराव्या वर्षाचं चित्र तेवढं राहिलं होतं आणि अर्जाला चार दिवस उरले होते, तेव्हा ती रिकाम्या हातानं आली. आई चित्रं देत नाही म्हणाली. माझा पारा चढला. वर्ग तसाच सोडून मी तिच्या घरी गेले.

भर दुपार होती. पुढच्या खोलीत आईचं दुकान, आतल्या खोलीत दोन पलंग. एकावर धाकटीची पुस्तकं आणि चुरगळलेलं अंथरूण. दुसऱ्यावर कडक चादर आणि उशाशी भिंतीवर पाचही चित्रं ओळीनं लावलेली. प्रत्येक चित्राखाली एक नवा ड्रेस घडी करून ठेवला होता, तेराव्या वर्षाच्या मापापासून चढत्या मापाचा. एकाही ड्रेसला धुतल्याची खूण नव्हती.

गळ्यात टेप अडकवलेली आई कौतुकानं म्हणाली, "बघा ना बाई, किती मोठी झाली माझी थोरली."

मी पुन्हा नीट पाहिलं. तीळ उजव्या गालावर होता. पाचही चित्रांत. आरशात डावं-उजवं उलटं होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं; पाच वर्षं मी शेडिंगच्या चुका काढत बसले आणि तिळाकडे माझं लक्षच गेलं नाही. आईला मी आरशाचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पदरानं एका चित्रावरची धूळ पुसली. एकदा गेली तेवढं पुरे, आता या भिंतीवरून हिला कुठं पाठवायची नाही, म्हणाली.

धाकटी दारात उभी होती. तुला ठाऊक होतं का, असं मी हळूच विचारलं. तिनं मान डोलावली. दुसऱ्या चित्रापासून ठाऊक होतं. आई चित्रापाशी बसून हसायला लागली होती, म्हणून ती गप्प राहिली. ड्रेससाठी मापंही हिचीच घेतली जात. घालून हीच दाखवायची आणि मग काढून त्या पलंगावर ठेवायची. ते ऐकून मला माझीच लाज वाटली.

दुकानाच्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या जागी, दोन उंच आरसे काटकोनात जोडलेले होते. त्या जोडावर नजर ठेवली की माणूस उलटा दिसत नाही, जगाला दिसतो तसा दिसतो. मी धाकटीला तिथं स्टुलावर बसवलं. चार तास ती उठली नाही. तिच्या हातून असं चित्र आधी कधी उतरलं नव्हतं. तीळ डाव्या गालावर होता.

ते तिनं आईसमोर धरलं. आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"छान काढलंय. पण ही कोण?"

"मी, आई."

"हो का," आई म्हणाली आणि मशीनकडे वळली. "ही खुशाल ने. हिला लावायला भिंतीवर जागा नाही."

धाकटीनं ते चित्र फोल्डरमध्ये ठेवलं. त्याच्या आधी पाच कोरे कागद लावले आणि प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात वय लिहिलं. तिला प्रवेश मिळाला. मुलाखतीत त्यांनी कोऱ्या कागदांचा अर्थ विचारला होता, असं तिनं मला नंतर सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तेव्हा मी घरात नव्हते."