पुण्याचा चंद्रोदय

देवावर माझा विश्वास होता, पण त्याच्यावर सोडून निर्धास्त होणं जमत नव्हतं. लग्नानंतर पीसीओडी निघालं. पाळीचा ठिकाणा नाही, वजन वाढतंय, गोळ्या चालूच. त्यातून दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. पुन्हा राहिले तेव्हा मी गणपतीला बोलून टाकलं, हे मूल टिकू दे, एकही संकष्टी चुकवणार नाही. सातव्या महिन्यात रक्तातली साखर वाढली आणि इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "व्रत बिल्कुल नहीं, खाना टाइम पर." मी मान हलवली. पण उपवास मोडला आणि बाळाला काही झालं तर? डॉक्टर रागावल्या तरी चालतील, देव रागावून चालणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्या महिन्यातली संकष्टी म्हणजे इकडच्या बायकांचा करवा चौथ, नवऱ्यासाठी दिवसभर निर्जळी उपवास आणि रात्री चाळणीतून चंद्र बघून तो सोडायचा. नोएडातल्या आमच्या सोसायटीत सकाळपासून लिफ्टमध्ये मेंदीचे हात. मी सकाळचं इन्सुलिन घेतलं. साबुदाण्याने साखर वाढते म्हणून खिचडी टाळली आणि दिवसभर मूठभर दाणे आणि ताकावर राहिले. केवढी हुशारी! संध्याकाळी साखर फार उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले. नवरा गुडगावहून निघून ट्रॅफिकमध्ये अडकलेला. वरणभात झाकून तयार होता. ओट्याशेजारी सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेलं कॅलेंडर, त्यात चंद्रोदयाला अजून बराच अवकाश. एरवी या वेळी लाथा मारणारं बाळ गप्प होतं. मी फार घाबरले होते. तरी खुर्चीत बसून गणपतीला म्हणत राहिले, एवढी वेळ निभावून ने.

तेवढ्यात बेल वाजली. भिंतीला धरत दार उघडलं. दारात नटलेल्या, साठीच्या एक अनोळखी बाई. समोरच्या फ्लॅटमध्ये नुकतंच एका जोडप्याचं बिऱ्हाड आलं होतं, त्यातल्या मुलीच्या सासूबाई, पानिपतहून आलेल्या.

"बेटा, आटे की छलनी होगी? बहू की अभी डिब्बों में बंद है, और चाँद निकल आया."

"अभी कहाँ, आंटी," मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "अभी तो टाइम है."

"वो तुम्हारे कैलेंडर का चाँद होगा. हमारा तो सामने खड़ा है." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शुगर है क्या? हाथ काँप रहे हैं तेरे."

चाळणी राहिली बाजूला. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, साखरेचं पाणी करून ग्लास माझ्या ओठांना लावला. बाल्कनीचं दार उघडलं, तर धुरकट आभाळात तांबूस चंद्र चांगला वर आलेला. कॅलेंडरमधली वेळ पुण्याची होती. दिल्लीत या दिवसांत चंद्र बराच आधी उगवतो, हे इतकी वर्षं इथे राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या बाईंनी स्वतः पाण्याचा थेंब घेतला नव्हता, पण मी वरणभात खाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने बाळाने एक लाथ मारली आणि मी हुंदके देऊन रडले. मग त्या चाळणी घेऊन सुनेकडे गेल्या.

पानिपत म्हटलं की आपल्याला तो पराभवच आठवतो. माझं पानिपत मात्र पानिपतच्याच बाईंनी टाळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाळ नीट असल्याचं सांगितलं आणि मला भरपूर झापलं. सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, गणपतीला तुझी उपासमार हवी होती का? त्यानेच उपवास सोडवला. आता वेळेवर जेव आणि नुसते हात जोड." त्यानंतर मी तेच केलं. मुलगी झाली, आता शाळेत जाते.

चाळणी परत आली तेव्हा तिच्यात मठऱ्या, म्हणजे खुसखुशीत खाऱ्या पुऱ्या, होत्या; रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे. योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. मला एवढंच आठवतं, की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून देवाची वाट पाहत होते, आणि तो केव्हाचा उगवून माझ्या दारात चाळणी मागत उभा होता.