पिवळ्या जमिनीवरची निळी फुलं

आमच्या समोरच्या शिवणवाल्या मावशींइतकं हट्टी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरं नाही. आणि हे मी सांगते आहे, जिने बाजारात बायकांसाठी मुतारी हवी म्हणून कचेरीच्या पायऱ्यांवर चार दिवस ठिय्या दिला होता. (पत्रकात मी 'प्रसाधनगृह' लिहीत नाही. ज्यांना शब्दाची लाज वाटते, त्यांना ती जागा नसल्याची वाटत नाही.) मावशींची मागणी माझ्याहून साधी होती, एका कापडाची: फिक्या पिवळ्या जमिनीवर करंगळीच्या नखाएवढी निळी फुलं. कधीकाळी कुर्डुवाडीच्या फलाटावर त्या कापडाचा सैल, खिशांचा झगा घातलेली एक पोक्त बाई त्यांनी पाहिली होती. "पाय लांब करून पेरू खात बसलेली गं! पदर सावरणं न्हाय, काय न्हाय," असं त्या सांगायच्या आणि सांगता सांगता स्वतःचा पदर सावरायच्या. साठीला आल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांचे झगे शिवले आणि स्वतः मात्र भर वैशाखात नायलॉनच्या पाचवारीत. तसा एक झगा घालून त्यांना रस्त्यानं चालायचं होतं. एवढंच.

त्यासाठी त्यांनी शहरातली कापडवाली माणसं हैराण करून सोडली. गल्ल्यावर खडूनं फूल काढून दाखवायच्या. दुकानदारानं थानांचा डोंगर रचला की म्हणायच्या, "छान हाय, पण ते हे न्हवे." एस.टी.त पुढच्या बाईच्या ओढणीचं टोक उलटून पाहायच्या. विणकराच्या घरच्या, त्यामुळे कापड उलट्या बाजूनं पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे दुखरी दाढ विसरून त्यांनी खिडकीच्या पडद्याचा सौदा सुरू केला. डॉक्टर तयारही झाले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "अय्यो, फुलाला पाकळी एक जास्त हाय की!"

शेवटी ते बार्शीला सापडलं. मी पत्रकं वाटायला निघाले होते, त्या मदतीला म्हणून आल्या. मदत अशी की माझं पत्रक वाचून, "लई ओरडतीस गं कागदावर," एवढं बोलल्या आणि समोरच्या दुकानात शिरल्या. तिथल्या माळ्यावर, थानांवर धूळ बसू नये म्हणून पांघरलेला एक चार मीटरचा तुकडा होता. मावशी त्या धुळीसकट त्याला गालाशी धरून उभ्या राहिल्या. दुकानदार माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाईंना पानी देऊ का?"

आता मावशींचा धर्म सांगायला हवा. सुती कापडाला आधी पाणी पाजायचं, सुकवायचं आणि मगच कात्री लावायची. घाई करणाऱ्या नवऱ्यामुलीच्या आईलाही त्यांनी परत पाठवलं होतं: "लग्न एका दिवसाचं, पोलकं आटलं तर जन्माची कटकट." पण त्या दिवशी त्यांनी कोरडंच कापड जमिनीवर अंथरलं. मी एक टोक धरून बसले होते. "मावशी, पाणी?" असं विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रंग उतरला तर? एकदा तरी हाय तसं घालू दे मला." आणि कात्री चालू केली.

झगा पोटरीपर्यंत आला, दोन खोल खिसे. त्यांचा मुलगा कामावरून आला तो दारातच थबकला. "आई, हे घालून भाईर? लोक काय म्हणतील?"

"घरात घालायला गाऊन हाय की," मावशी म्हणाल्या आणि निघाल्या. तळ्याच्या काठानं दोन्ही हात खिशात घालून चालल्या. मी शेजारी होते. वाटेत माझ्या डोक्यात बायकांच्या कपड्यांच्या हक्कावर अख्खं पत्रक तयार झालं, त्या मात्र नुसत्या चालत होत्या. मुलगा मागून अंतर ठेवून येत होता, ते आम्ही दोघींनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी झगा धुतला आणि तो आटला. बाह्या दंडात शिरेनात, घेर गुडघ्यावर. मी भडकले, दुकानदाराला पत्र लिहायला बसले. मावशींनी पेन काढून घेतलं. "त्याचं काय चुकलं? मला दम नव्हता." खाली पट्टी जोडू म्हटलं, तर तेही नको. संध्याकाळी त्या नेहमीच्या साडीत मशीनवर बसल्या. मला कुठल्याही मोर्चात इतकं हरल्यासारखं वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी मुलगा एक पिशवी घेऊन आला. कामावर खाडा करून त्यानं तीन बाजार पालथे घातले होते. "आई, तेच मिळालं बघ. आता लवकर शिव." त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

मी कापड पाहिलं. जमीन पिवळी कसली, हळदीसारखी भडक होती. फुलं जांभळी, आणि अंगठ्याएवढी.

मावशींनी ते उलटवून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी मांडीवर घेतलं, त्यावरून तळवा फिरवला. "व्हय रे," त्या म्हणाल्या, "हेच ते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खोटं बोलणाऱ्याला भर सभेत उभी राहून अडवते. त्या दिवशी मी फक्त मापाची टेप शोधून त्यांच्या हातात दिली.