मशेरीला धूर नसतो

"फुंका काका, अजून फुंका. श्वास संपेपर्यंत सोडा."

मॅडमनी मशीनची नळी माझ्या तोंडात दिली होती. मी जीव खाऊन फुंकलं. मशीनवर हिरवा दिवा लागला. मॅडम खूश झाल्या. मी झालो नाही.

"काका, हिरवा आला. तुम्ही ओढत नाही."

"ओढतो."

"मशीन तर नाही म्हणतंय."

"मशीनला काय कळतंय? बिडी ओढतो मी. लय वर्षं झाली."

रांगेत माझ्या मागे बॉयलरवरचा गणपत उभा होता. तो खो खो हसायला लागला. "मॅडम, दादा खोटं बोलतोय. आमच्या बिड्या काढून घेण्यात जन्म गेला ह्याचा. ह्यानं बिडी ओढली तर अख्ख्या कंपनीला जिलबी वाटतो मी."

सगळे हसले. मॅडमनी यादीत माझं नाव काही घेतलं नाही.

गणपत बोलला ते खरंच होतं. महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी गेटवर वॉचमन होतो. कंत्राटी नाही, कंपनीच्या रोलवर. शिक्षण माझं सातवीपर्यंत, पण गेटच्या कामाला तेवढं पुरतं. आत सॉल्व्हंटची पिंपं असायची. सॉल्व्हंट म्हणजे पेट्रोलसारखं पेटणारं रसायन. एक ठिणगी पडली तर शेड जाईल. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपायचे आणि काडेपेटी, लायटर, बिडीबंडल काढून घ्यायचं. सुटताना ज्याचं त्याला परत. मॅनेजर असो नाहीतर झाडूवाला, मी कुणाला सोडलं नाही. लोक शिव्या घालायचे. मी ऐकून घ्यायचो.

असा माणूस बिडी ओढतो म्हणून खोटं का बोलला, ते सांगतो.

आमचं घर पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून आत. घरात मी आणि बायको. तिचं नाव अनुसया. तिला मशेरीची सवय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि बोटानं हिरड्यांना घासायचा. आमच्याकडे बायका लहानपणापासून लावतात. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, कामातून जरा बसल्यावर. डबी कनवटीला.

एकदा तिची दाढ ठणकली म्हणून महाडला दातांच्या डॉक्टरकडे नेली. डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं आणि मला आत बोलावलं. गालाच्या आतून पांढरा डाग होता. नेमका मशेरी घासायची तिथं.

"आज हा कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "मशेरी सोडली तर डाग बहुतेक जाईल. नाही सोडली तर पुढं काय होईल ते सांगता येत नाही. तंबाखू बंद करा, आजी."

"तंबाखू कुठं खाते मी?" अनुसया म्हणाली. "दात घासते फक्त."

"त्यात तंबाखूच असतो ना?"

"असतो. पण मी थुकते की."

डॉक्टरनं कागदावर 'तंबाखू बंद' असं लिहून कागद माझ्या हातात दिला.

तिनं प्रयत्न केला. नाही केला असं कुणी म्हणू नये. डबी माळ्यावर टाकली. मग डोकं दुखायला लागलं. पोट साफ होईना. भांडी आपटायला लागली. मी म्हणायचो, "एवढीशी डबी ती, सुटत नाय म्हंजे काय?" ती म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आणि डबीसाठी माळ्याला शिडी लागायची.

डॉक्टरनं मग पट्टी सांगितली. दंडावर चिकटवायची पट्टी असते. तंबाखूत जे निकोटीन असतं, ज्यामुळे तलफ येते, तेच त्यातून थोडं थोडं अंगात जातं. तोंडाला तंबाखू लागत नाही आणि डोकंही फिरत नाही. हळूहळू पट्टी लहान करायची आणि मग बंद. मेडिकलवाल्यानं मागवून ठेवली. अनुसया सोबत होती. तिनं मला विचारलंच नाही, सरळ त्यालाच भाव विचारला. ऐकलं आणि दुकानाची पायरी उतरली.

"आख्खा सिलेंडर येतो त्यात. चला घरी."

मी म्हटलं, मी देतो ना. ती म्हणाली, "तुम्ही द्याल वो. मला लावताना जीव जळल ना, पैसे लावतेय म्हणून." ऐकलंच नाही.

त्याच महिन्यात कंपनीत बोर्ड लागला, धूम्रपान सोडा. कंपनीचा ग्रुप विमा असतो. कामगार, त्याची बायको, पोरं, सगळ्यांचा दवाखान्याचा खर्च विमा कंपनी देते. त्यातच हे नवीन घातलं होतं. बिडी-सिगारेट सोडायची असेल तर सल्ला फुकट, पट्ट्या फुकट. एचआरच्या मॅडम बघायच्या ते सगळं. वयानं लहान, पुण्याकडच्या, स्वभावानं बऱ्या.

मी सरळ जाऊन विचारलं. "मॅडम, माझ्या बायकोला देता येल काय?"

"त्या स्मोक करतात?"

"नाय. मशेरी लावते."

मॅडमनी विमावाल्यांना फोन लावला. बराच वेळ हं हं केलं. मग म्हणाल्या, "काका, सॉरी. हे फक्त स्मोकिंगसाठी आहे. आणि फक्त कामगारासाठी, घरच्यांसाठी नाही."

"कॅन्सर झाला तर देता का घरच्यांना?"

"हो. तो कव्हर आहे. पूर्ण."

"मग होऊ नये म्हणून द्या की."

"मी समजू शकते, काका. पण पॉलिसीत तसं लिहिलेलं नाही."

मॅडमचा दोष नव्हता. त्या वाचून सांगत होत्या. मी गेटवर आलो आणि विचार करत बसलो. ह्यांना धूर पाहिजे. मशेरीला धूर नसतो, तर मी काढतो धूर.

म्हणून मी खोटं बोललो आणि मशीननं मला पकडलं. दुसऱ्या दिवशी टपरीमागे गणपतला गाठलं.

"गणपत, बिडी दे."

"जप्त करतोस काय रे बाहेर पण?"

"ओढायचीय."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. बिडी पेटवून माझ्या हातात दिली. पहिल्या झुरक्यालाच असा ठसका लागला की टपरीवाला पाणी घेऊन धावला. "आत घे दादा, आत," गणपत सांगत होता, "तोंडात धरून काय उपयोग नाय, मशीनला छातीतला धूर लागतो." त्या आठवड्यात त्यानं मला बिडी शिकवली. पुढच्या खेपेला मशीनवर लाल दिवा लागला. मॅडमना वाटलं मागच्या वेळी मशीन बिघडलं होतं. माझं नाव लागलं. पट्ट्यांचं पाकीट घेऊन मी बसमधून घरी आलो.

"ही कुठली?" अनुसयानं विचारलं.

"कंपनीची. फुकट."

"पगारातून कापत नाय ना?"

"नाय गो."

"मग लावा," म्हणाली आणि दंड पुढं केला.

रोज सकाळी मीच लावायचो. पहिले दिवस जड गेले, पण मग ती शांत झाली. डबी माळ्यावरच राहिली. जेवण जायला लागलं. पुढच्या खेपेला डॉक्टरनं डाग बघितला आणि म्हणाले, "आजी, फिका होतोय." त्या दिवशी येताना तिनं स्टँडवर उसाचा रस मागितला. एरवी बाहेरचं काही घ्यायची नाही.

आता अडचण अशी की मॅडम दर आठवड्याला फुंकायला लावायच्या. दिवा लगेच हिरवा झाला तर माणूस सुटला म्हणून पट्ट्या बंद. म्हणजे तिची पट्टी चालू ठेवायची तर माझी बिडी चालू पाहिजे. मी ठरवलं होतं, फुंकायच्या आदल्या दिवशी ओढायची, तेवढीच. तसं राहिलं नाही. सकाळच्या ड्युटीवर चहा झाला की हात आपोआप खिशाकडे जायला लागला. सुट्टीच्या दिवशीही जायला लागला. मला वाटायचं, हे तिच्यासाठी आहे.

घरी जाताना मी बडीशेप खायचो. पण बायकोला नाक असतं. एका रविवारी शर्ट धुवायला घेतला आणि खिशातून बिडी निघाली.

"ही कुणाची?"

"जप्त केलेली. राहिली खिशात."

"अर्धी ओढलेली जप्त करता?"

मी बिडी तिच्या हातातून घ्यायला गेलो.

"ह्या वयात? लाज नाय वाटत? मला मेलीला डबी माळ्यावर टाकायला लावली आणि तुम्ही..." ती एवढी बोलली की शेजारची संगीता, गणपतची बायको, दारात येऊन उभी राहिली. शेवटी मला राहवलं नाही. सांगून टाकलं. मशीन, लाल दिवा, पट्टी, सगळं.

तिनं हातातला शर्ट बालदीत टाकला. मग बाही वर केली आणि दंडावरची पट्टी ओढून काढली.

"माझ्या दंडाला लावायला तुम्ही छाती जाळताय?"

"थोडे दिवस गो. डाग जाईपर्यंत."

"मी नाय लावणार. उरलेल्या तुम्ही लावा आणि बिडी सोडा. माझं मी बघीन."

"अनु, डॉक्टर म्हणाला फिका होतोय."

"मी सांगितलं ना? नाय म्हंजे नाय."

मी हातापाया पडलो. विकतच्या आणल्या. त्या तिनं मेडिकलमध्ये परत करायला लावल्या. एकदा नाही म्हणाली की तिचं नाहीच असायचं.

मी मॅडमकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं. म्हटलं, माझं नाव काढा, तिचं घाला. मॅडमनी डोक्याला हात लावला. "काका, हे तुम्ही मला सांगायला नको होतं." माझं नाव काढलं. वर कुणाला सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार. हेड ऑफिसला त्यांनी पत्र लिहिलं, मशेरी आणि घरच्या माणसांना घ्या म्हणून. उत्तर आलं की हप्ता वाढेल, या वर्षी नको.

अनुसया म्हणायची, "सोडली मी. आता लावत नाय." मी विश्वास ठेवला. तिला डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "सोडली म्हटलं ना, मग कशाला?" मीही जोर केला नाही, कारण खिशात माझी बिडी होती. कुठल्या तोंडानं करणार?

वर्ष सरलं आणि तिला तिखट खाववेना. मग तोंड उघडेना. डॉक्टरनं बघितलं आणि सरळ मुंबईला पाठवलं.

इथं मात्र विम्यानं कमाल केली. एका फोनवर मंजूर. कॅशलेस, म्हणजे आपण पैसे भरायचे नाहीत, हॉस्पिटल आणि विमा कंपनी आपसात बघतात. ऑपरेशन, खोली, औषधं, नंतरचे रेडिएशनचे शेक, कशाला ना म्हटलं नाही. विमावाल्याचा माणूस रोज फोन करून विचारायचा, काही अडचण आहे का काका? जेवढे पैसे त्यांनी दिले, तेवढ्यात आमच्या सगळ्या वाडीची मशेरी सुटली असती.

अर्धा जबडा काढला. आयुष्यभर फटकन बोलणारी बाई, तिला पाणी मागायचं तर खूण करावी लागायची. एकदा तिनं मला जवळ बोलावलं, माझ्या शर्टाचा वास घेतला आणि हातानं ढकललं. घरी आणल्यावर ती फार राहिली नाही. जायच्या आधी तिनं सगळं नेहमीसारखं आवरून ठेवलं होतं. तिच्या मागं माळा झाडला तेव्हा तिथं डबी नव्हती. चुलीमागं होती, भरलेली.

मला तिचा राग आला नाही. सकाळी उठल्या उठल्या जी तलफ येते ना, ती मला आता माहीत आहे. तिच्या डोक्यात कसं होत असेल, ते मला ती गेल्यावर कळलं.

पुढं मी रिटायर झालो. शाल आणि नारळ दिला. फोटो काढून झाल्यावर मॅडम बाजूला घेऊन गेल्या.

"काका, नवीन पॉलिसीत आलं. कुठलाही तंबाखू. मशेरी हा शब्द मी मुद्दाम घालून घेतला. घरच्यांना पण मिळेल."

"बरं झालं, मॅडम."

"तुमची बिडी?"

"हाय अजून."

"मग तुम्ही पण आता..." त्या बोलता बोलता थांबल्या. त्या दिवसापासून मी पॉलिसीत नव्हतो. त्यांचे डोळे भरले. मी म्हटलं, बस सुटेल, येतो.

गेल्या महिन्यात संगीता पट्टीचं पाकीट घेऊन माझ्या पडवीत आली. मागं गणपत.

"दादा, ही कुठं लावायची? ह्यांना काय समजत नाय. सरळ गालावर लावायला निघाले होते."

"मशेरी गालात लावते, म्हणून मला वाटलं..." गणपत म्हणाला.

"दंडावर," मी म्हटलं. "केस नसतील तिथं. जागा पुसून कोरडी कर. रोज जागा बदलायची, आज डावा, उद्या उजवा. गणपत, इकडं ये, तू लाव. नीट दाबून धर. हां. रोज तूच लावायची, तिच्यावर सोडायचं नाय."

त्यानं लावली. संगीता बाही खाली करून घरी गेली. गणपतनं सवयीनं बंडल काढलं आणि मला एक पुढं केली. मी घेतली. पेटवली नाही.

"हे बघ," मी त्याला म्हटलं, "तू पण नाव दे मॅडमकडे. ती सोडणार आणि तू समोर बसून ओढणार, तर ती चार दिवसांत परत डबी शोधेल. सोडायची तर दोघांनी एकदम सोडायची. एकट्यानं नाय सुटत."

"तू कुठं सोडलीस दादा?"

"मी कुणाबरोबर सोडू?"