सरकणारा मणी

मला स्वस्थ बसता येत नाही. ऑफिसात मीटिंग लांबली की टेबलाखाली पाय हलत राहतो, सिग्नलला स्कूटरवर बसून मी उगाच हॉर्न चाचपत असते. अशा बाईनं मणी गाठवायला शिकायचं ठरवलं म्हटल्यावर भाऊ हसला. हसू दे. मला आईच्या गळ्यात काहीतरी घालायचं होतं.

आप्पा गेल्यावर आईचं मंगळसूत्र बायकांनी उतरवलं. काळे मणी गेले, सोन्याचे एका डबीत राहिले. आप्पांना कामावरून यायला उशीर झाला की आई दारात उभी राहून मंगळसूत्रातला एखादा मणी दोऱ्यावर मागंपुढं सरकवत राहायची. तिचीही अस्वस्थता तशीच, फक्त बोटांत. आता हात गळ्याशी जायचा, काही सापडायचं नाही, मग ती पदर नीट केल्यासारखं करायची. ते बघून माझा जीव तुटायचा.

त्यात भावाच्या मुलीचं बारसं ठरलं. आई म्हणाली, "मी आत सैपाकाचं बघते. मोकळ्या गळ्यानं पाळण्याम्होरं कुठं येऊ?" मी भांडले. उपयोग झाला नाही, तेव्हा ती डबी उचलली, पोवळी विकत आणली आणि खासबागेत एका आक्कांकडं गेले. त्या सराफांचे दागिने गाठवून देतात. 'करून द्या' म्हणायला गेले होते, तोंडातून निघालं, "मला शिकवा."

रेशमी दोऱ्यात मणी ओवायचा, दोऱ्याचा सैल फास करायचा, फासात सुई घालून तो मण्याच्या बुडाशी नेऊन टेकवायचा आणि मगच सुई काढून आवळायचा. मण्यामण्याला गाठ. म्हणजे माळ तुटली तरी एखादाच मणी पडतो, बाकीचे जागचे हलत नाहीत.

ऐकायला सोपं. माझा फास वाटेतच आवळायचा आणि मण्यापुढं नुसता दोरा दिसायचा. रेशमाची गाठ एकदा बसली की सुटत नाही. कापा, परत ओवा.

"लई घाई गं तुला," आक्का म्हणायच्या. "गाठीला मण्यापतोर जाऊ दे की."

रोज ऑफिस सुटलं की कंग्राळीला घरी जायचं सोडून मी तिकडं. एकदा रागानं माळ ताटात आपटली. घरंगळलेलं पोवळं शोधून आक्कांनी माझ्या हातावर ठेवलं आणि दिवा जरा पुढं ओढला.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी माळ पुरी झाली. आक्कांनी ती बोटांतून फिरवली आणि मधेच थांबल्या. नेमका छातीवर येणारा सोन्याचा मणी. त्याच्या पुढची गाठ लांब बसली होती.

"ह्यो हलतोय. कापून परत कर."

"उद्या बारसं हाय ओ आक्का."

"मग ने तशीच. पर तुलाच डाचणार बघ."

डाचलंच. सकाळी आईसमोर माळ धरताना मी तो मणी अंगठ्याखाली झाकला.

"ह्यात काळा मणी न्हाय," मी म्हटलं. "नुसती घाल."

"लोकं बोलतील गं."

"बोलू देत." माझा आवाज चढला आणि मग मला रडूच आलं. "तुझा हात गळ्याशी जातो आणि रिकामा येतो. मला बघवत न्हाय आई."

तिनं गळ्यावरचा पदर बाजूला केला. मग तिनं मान वाकवली.

पाळण्यापाशी ती आली, पण बायकांच्या मागं, भिंतीला टेकून. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायला मी वाकले, आणि लक्ष सगळं आईकडं. तिचा हात गळ्याशी गेला होता. बोटं एकेक मणी ढकलून बघत होती. सगळे घट्ट. मग बोट त्या सोन्याच्या मण्याशी आलं. मणी गाठीपर्यंत गेला, परत आला.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "काढ जरा. एक गाठ चुकलीया, आक्कांकडनं नीट करून आणते."

आईनं माळ मुठीत धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढाच एक सरकतोय."