उजव्या कानाची खाच

एका मेंढीच्या कानाला मी चाकूनं खाच पाडली. ती पाडायला नको होती. सहा वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नाही — बायकोला नाही, देवालाही नाही. देवापुढं उभा राहिलो की मी घाईघाईनं भलतंच काहीतरी मागत असे, म्हणजे हे बोलायची पाळी येऊ नये.

तुम्ही म्हणाल, मेंढीच्या कानाला खाच पाडली, त्यात काय एवढं? आमच्याकडं ते नेहमीचंच. खरं आहे. म्हणून आधी आमच्या खुणांचं सांगायला हवं.

आम्ही माणदेशातले धनगर. दिवाळी झाली की आमची चार घरं मेंढरं एकत्र करून निघत — पुसेगाव, कोरेगाव, सातारा करत पार मेढ्याच्या खोऱ्यापर्यंत. अशा एकत्र चालणाऱ्या घरांना आणि त्यांच्या मेंढरांना मिळून आम्ही वाडा म्हणतो. भात कापलेल्या शेतात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत मिळे, आम्हाला धान्य. चौघांची मेंढरं एकात एक मिसळलेली, मग कुणाचं कुठलं हे ठरायचं कानाच्या खुणेवर. माझी खूण साधी होती, उजव्या कानाचा शेंडा चिरलेला. माझा चुलतभाऊ बिरू, त्याचीही तीच. आजा एकच ना. पण वाटण्या झाल्या तेव्हा त्याच्या बापानं त्या चिरेखाली आणखी एक खाच पाडायला सुरुवात केली. म्हणजे बघा — माझी मेंढी बिरूची करायला एक खाच पुरे. बिरूची मेंढी माझी करणं मात्र कुणालाच जमायचं नाही. कापलेला कान भरून येत नाही.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा असा उपयोग होईल हे मनात कधीच आलं नव्हतं — असं लिहिणार होतो. पण आलं नव्हतं का? त्या दिवशी हात इतका चटकन चालला, तो काय उगाच?

त्या साली मेढ्याकडच्या रानात गोचीड फार होते. बायका दुपारभर मेंढरं आडवी पाडून गोचीड वेचत आणि शेणकुटाच्या विस्तवात टाकत. कानात, खुरांच्या बेचक्यात, शेपटीखाली, रक्त पिऊन टम्म फुगलेले. आणि मग तो आजार. मेंढरू कळपाच्या मागं राहतं, मान टाकतं, अंग तापतं, धापा लागतात. डोळ्याची पापणी उलटून पाहावी तर आत लाली म्हणून नाही, धुतलेल्या चिंधीसारखी पांढरीफटक. एकदा लागला की कळपच्या कळप जातो, एवढंच आम्हाला माहीत. म्हणून वाड्याचा नियम होता, ज्याच्या मेंढरात हा आजार पहिल्यांदा दिसेल त्यानं त्याच दिवशी वाडा सोडायचा. सोडायचा म्हणजे परक्या मुलखात एकट्यानं चालायचं. लांडगा आला तर हाळी द्यायला दुसरा गडी नाही, आणि आजारी मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायला कुठला शेतकरी राजी होणार?

मला तो आजार पहिल्यांदा दिसला तो माझ्याच मेंढीत. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. भर दुपार होती. बाकीचे ओढ्याच्या खालच्या अंगाला मेंढरांना पाणी दाखवत होते. ही मागं राहिली, म्हणून मी तिच्यापाशी गेलो आणि पापणी उलटली.

इथं येऊन मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात आठवतानासुद्धा इथंच थांबतो. कारण पापणी खाली सोडली आणि चाकू काढला, या दोन्हींच्या मध्ये काही विचार केल्याचं मला आठवत नाही. भीती मात्र आठवते. एकट्यानं जावं लागेल ही भीती. कान गोचिडांनी आधीच फुटलेला, खपल्या धरलेला होता. त्यात एक ताजी जखम कुणाच्या लक्षात येणार? मी खाच पाडली, राख चोळली आणि मेंढीला हाकलत पाण्यावर नेली. मेंढी मुकाट्यानं चालली.

तिसऱ्या दिवशी ती मेली. म्हाकूआण्णा आमच्या वाड्याचे म्होरके, सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी कान उलटून पाहिला आणि बिरूला हाक मारली. बिरू आला. आधी कान पाहिला, मग वाकून मेंढीचं तोंड पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

“खूण माझी हाय,” तो म्हणाला. “मेंढी माझी न्हाई.”

धनगर आपली मेंढरं तोंडावरून ओळखतो. दुसऱ्याची मात्र खुणेवरून. म्हणून त्याला जे दिसलं ते बाकी कुणाला दिसत नव्हतं. माझ्याखेरीज.

“जित्ती असती तर माझी म्हणून भांडला असतास की रं,” म्हाकूआण्णा म्हणाले. “मेल्यावर बरी परकी झाली.”

सगळे हसले. मीही हसलो. मेंढरं मोजली असती तर सारं बाहेर आलं असतं. पण आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, मोजली की दृष्ट लागते म्हणतात. बिरूनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं ते इतरांकडं पाहिलं तेवढंच, जास्त नाही. मग तो मेंढरं वेगळी काढायला गेला.

त्याच्या बायकोचं, हिराबाईचं, बिऱ्हाड तट्टावर चढवायला मी हात लावला. हो, मीच. दोरी आवळताना ती हळूच म्हणाली, “भाऊजी, तुमी तरी सांगा की वं आण्णास्नी. ह्यांनी कवा खोटं बोलल्यालं तुमी तरी ऐकलंय का?”

मी म्हणालो, बघतो. आणि गाठ पक्की केली.

ऊन कलायच्या आत ती दोघं खोऱ्याच्या तोंडाशी दिसेनाशी झाली. आठ दिवसांनी माझी आणखी मेंढरं आजारी पडली, काही मेलीही. लोक माझं सांत्वन करायला आले — बिरूमुळं तुझं नुकसान झालं म्हणाले. तेव्हा मी काय केलं असेल? गप्प बसलो असतो तरी निदान... पण मी गप्पही बसलो नाही. चारचौघांत बिरूला शिव्या दिल्या. चांगल्या मोठ्यानं दिल्या.

बिरूची मेंढरं कृष्णाकाठानं जाता जाता मरत गेली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तीही त्यानं विकली, आणि सांगलीच्या अलीकडं एका ऊसवाल्या शेतकऱ्याकडं तो सालगडी म्हणून राहिला. आमच्याकडं मात्र त्याचं एक नाव मागं राहिलं, ‘न्हाई-माझी’. बाजारात कुणी बोललेला शब्द फिरवला की म्हणायचे, झाला बघा न्हाई-माझी. कधीही खोटं न बोललेल्या माणसाचं नाव खोटेपणाला पडलं.

पुढं मीही मेंढरं विकली. चौथीपर्यंत शिकलो होतो, गुरांच्या एका दवाखान्यात शिपाई म्हणून लागलो. तिथल्या डॉक्टरांनी एकदा काचेवर मेंढीचं रक्त घेऊन नळीतून मला दाखवलं. मला ठिपक्यांपलीकडं काही दिसलं नाही. ते म्हणाले, हा जंतू गोचीड एका जनावरातून दुसऱ्यात नेतो. रक्ताळलेला चाकू न धुता वापरला तरी जातो. मी विचारलं, आजारी मेंढरं वेगळी काढली तर? ते म्हणाले, सगळी एकाच रानात चरली असतील तर वेगळी काढून काय उपयोग, गोचीड सगळ्यांनाच लागलेले असणार.

म्हणजे बिरूची मेंढरं तशीही मेली असती!

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या बोलण्याच्या आडोशाला मी वर्षभर राहिलो. पण वाड्यात मेली असती तर चौघांत मेली असती. बाकीच्या घरांनी चार मेंढ्या देऊन त्याला पुन्हा उभा केला असता, आमच्यात तशी रीत आहे. आणि गोचिडानं मेंढरं मारली असतील, पण ‘न्हाई-माझी’ हे नाव काही गोचिडानं ठेवलं नव्हतं.

यंदा दिवाळीआधी मी बिरूकडं गेलो. तो मालकाच्या म्हशींना वैरण टाकत होता. हिराबाईनं ताक आणून दिलं. मी ताकाचा तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तो वैरण टाकतच राहिला.

“मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “लहान कोकरू हुतं तवापास्नं बघितल्याली तुझी ठिपक्याची.”

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस?

“बोललो की. माझी न्हाई म्हनलो. कुनाची ते सांगायचं तुझं काम हुतं.” मग पाटी खाली ठेवून म्हणाला, “मला काय सांगतुयास गड्या? ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांग जा.”

हिराबाईनं ताकाचा तांब्या उचलला. ती आत निघून गेली.

वाडा निघायच्या दिवशी मी गावी गेलो. घरं जमली होती, तट्टं लादून तयार होती. म्हाकूआण्णांना आता कमी ऐकू येतं. मी एकदा बोललो ते त्यांना कळलंच नाही. कानामागं हात धरून ते म्हणाले, काय म्हनतुयास? बायकासुद्धा थांबल्या. मग मला ते पुन्हा, ओरडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागलं — “आण्णा, ती मेंढी माझी हुती. खाच मी पाडली. बिरू खरं बोलला हुता, मी त्याला खोटं पाडलं. माझं चुकलं.”