नखाएवढ्या शिंपल्यासाठी थांबलेला हार

प्राध्यापक शालिनीताई मेश्राम यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या विद्वानांचे लेख असतील. मी त्यांच्या प्राणिशास्त्र विभागातला प्रयोगशाळा परिचर. समितीने मला लिहायला सांगितलं तेव्हा मी एकच अट घातली, की छापण्याआधी हा लेख मॅडमना दाखवायचा नाही. त्या लाल पेन घेऊन बसतील आणि स्वतःची स्तुती तेवढी खोडून टाकतील.

आमची ओळख एका बादलीवरून झाली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नामदेवराव, मागच्या तलावातून वीस शिंपले आणा. उद्या पोरींचं प्रॅक्टिकल आहे." तासाभराने मी ऐटीत परतलो, तो बादलीभर गोगलगायी घेऊन! दुसरं कोणी असतं तर विभागभर माझी शोभा झाली असती. मॅडम मात्र माझ्यासोबत तलावावर आल्या, साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि म्हणाल्या, "हे डोळ्यानं नाही सापडत. पायानं शोधा. चिखलात कडक लागलं की वाका." तेव्हापासून दरवर्षी मी पायानेच शिंपले शोधत आलो.

माणसाला माणसासारखं वागवणं त्यांना वेगळं शिकावं लागलं नाही. त्यांचे वडील रेल्वेत होते, बालपण स्टेशनामागच्या गुढियारी वस्तीत गेलं. साहेब लोक कसे हाका मारतात ते त्यांनी लहानपणीच ऐकलेलं. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला "ए, पाणी आण" म्हटलं. मॅडमनी चष्मा काढला. "सर, त्यांचं नाव नामदेवराव आहे. आणि तुम्ही तपासून राहिले तो प्रत्येक शिंपला त्यांनीच आणला आहे." त्या दिवशी परीक्षकांनी स्वतः उठून पाणी घेतलं. मला आतून फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

आता त्यांच्या एका चुकीबद्दल लिहितो. मॅडम स्वतःच ती चारचौघांत सांगतात, म्हणून मीही लिहितो. तलावाला वास येऊ लागला होता. त्याचा गाळ काढावा म्हणून मॅडमनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. अखेर जेसीबी आले आणि तळ खरवडून नेला. आम्ही काठावर पेढे वाटले. पुढच्या प्रॅक्टिकलच्या वेळी मी सकाळपासून दुपारपर्यंत पाय आपटले आणि रिकामी बादली घेऊन परतलो.

"काहून? सीप कुठी हाय?" मॅडम भांबावल्या की त्यांची घरची बोली बाहेर येते.

"एकही नाही, मॅडम."

त्या स्टुलावर बसूनच राहिल्या. संध्याकाळी आम्ही रिक्षाने गुढियारीत गेलो. एका खोलगट प्लॉटवर तो गाळ टाकला होता. वाळून भेगा पडलेल्या त्या मातीत जिकडेतिकडे उघडे पडलेले पांढरे शिंपले होते. मॅडम म्हणाल्या, "तीस वर्षं मी याचंच पोट फाडून शिकवलं, नामदेवराव. आणि हा चिखलात राहतो एवढंच सह्या घेताना विसरली."

चार दिवसांनी त्यांनी घाटावर लोकांना बोलावलं. काचेच्या दोन बरण्यांत तलावाचं गढूळ पाणी भरलं आणि एकीत बाहेरगावाहून आणलेले दोन शिंपले ठेवले. दुपारपर्यंत त्या बरणीतलं पाणी निवळलं. "तुमचं पाणी साफ करणारे मी फेकून दिले. आता मीच परत आणते," असं त्यांनी सरळ सांगितलं. मग गावोगावच्या तळ्यांतून, ओल्या पोत्यांत गुंडाळून आम्ही शिंपले आणले.

ते जगले, पण पिल्लू काही होईना. वर्षामागून वर्ष गेलं. कोडं सुटलं ते मासे धरणाऱ्या बिसाहू भैयामुळे. ते सहज म्हणाले, "पहिली टेंगना, खोकसी सब राहय मैडम. अब नइ हे." मॅडमनी कपाळावर हात मारला. शिंपल्याची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, आणि टेंगना, खोकसी हे छोटे देशी मासेच तलावातून गेले होते! मग मासेही आणले. तोवर उन्हाळे असे वाढले, की पाणी चैतातच मागे सरू लागलं आणि काठचे शिंपले तापल्या चिखलात उघडे पडू लागले. आम्ही ते टोपल्यांत भरून सकाळी सकाळी मधल्या डोहात नेऊन सोडायचो. आणलेले शिंपले म्हातारे होत चालले होते. ते संपण्याआधी पिल्लू दिसलं नाही तर सगळं पाण्यात जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

निवृत्तीच्या वेळी सत्कार ठरला, तेव्हा मॅडमनी हार परत केला. "एक पिल्लू दाखवा, मग घाला," म्हणाल्या. पुढच्या प्रत्येक सत्कारालाही तेच उत्तर. पंचाहत्तरीची गोष्ट काढली तेव्हाही तेच. समिती वैतागली. मी तर मनातून रागावलोच होतो. इतकं काय मनाला लावून घ्यायचं!

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मॅडम घरीच होत्या. मी एकटाच बायकोची पिठाची चाळणी घेऊन डोहाचा चिखल चाळत होतो (बायकोने ती चाळणी पुन्हा घरात घेतली नाही). चाळणीत नखाएवढं काहीतरी राहिलं. धुतलं, तर शिंपला. बोट लावलं, तर मिटला. जिवंत!

स्टीलच्या वाटीत पाण्यासकट घेऊन मी चौबे कॉलनीतलं त्यांचं घर गाठलं. मॅडमनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग माझ्यावरच खेकसल्या, "आता काहून उभे राहिले? पाणी तापून राहिलं वाटीतलं. नेऊन सोडा त्याले!" मी दारापर्यंत गेलो, तेव्हा मागून हलकेच आवाज आला, "आणि येताना समितीला सांगा, हो म्हणते मी."

शिंपल्याच्या पाठीवर वाढीच्या रेघा उमटत जातात, हे मला मॅडमनीच शिकवलं. त्यांच्याही आयुष्यावर अशा पुष्कळ रेघा निरोगीपणे उमटोत. गुडघा लवकर बरा होवो. येत्या चैतात काठावर खुर्ची मी टाकीन, टोपली मीच उचलीन. मॅडम, तुम्ही फक्त तिथे बसून माझ्यावर ओरडायला या.